वाटेत जन्मणारा माल

धोकादायक मालाच्या वाहतुकीची कागदपत्रे तपासण्याच्या कामात एक गोष्ट फार लवकर अंगवळणी पडते. पदार्थ किती घातक आहे हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारले जाते ते हे, की माल कोणाचा, कुठे भरला आणि कोणाच्या सहीने निघाला. पाठवणाऱ्याने नाव लिहायचे, वर्ग लिहायचा, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला चार आकडी क्रमांक टाकायचा, वजन द्यायचे, टँकवर खूण लावायची आणि खाली सही करायची. रेल्वेत ही सही फॉरवर्डिंग नोटवर होते. रस्त्यावर ती साखळी चालकाच्या केबिनमधल्या ट्रेम कार्डापर्यंत, म्हणजे आपत्कालीन सूचनांच्या कार्डापर्यंत, जाते. बंगळुरूच्या व्हाइटफील्ड डेपोत उतरणारा रसायनांचा कंटेनर असो की देवनगोंथीच्या तेल डेपोत रिकामी होणारी टँक वॅगनची रांग, प्रत्येक टँकमागे कोणाचे तरी नाव असते. आता मात्र असे एक यंत्र पुढे आले आहे, की त्याच्या टँकमधल्या मालाला पाठवणाराच नाही. गाडी निघते तेव्हा टँक रिकामा असतो, पोहोचते तेव्हा भरलेला. मधल्या कुठल्याही स्टेशनात कोणी काही चढवलेले नसते. धावत्या गाडीवर कार्बन डायऑक्साइड पकडून साठवणारे हे यंत्र. त्याला धोकादायक मालाचे नियम लागू होतात का, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. माझे म्हणणे असे, की ते पहिल्या किलोपासून लागू झाले पाहिजेत, आणि कसे लागू करायचे हे यंत्र आपल्या रुळांवर येण्याआधी ठरले पाहिजे.

यंत्रे दोन तऱ्हेची आहेत. पहिले इंजिनाच्या धुराला बसते. डिझेलचा धूर गार करायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड एखाद्या शोषकात धरायचा, शोषक तापवून तो वायू पुन्हा मोकळा करायचा आणि दाबून, थंड करून, द्रवरूपात टँकमध्ये भरायचा. अमेरिकेतल्या रेमोरा या कंपनीने हे आधी ट्रकसाठी केले आणि मग युनियन पॅसिफिक व नॉरफोक सदर्न या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांबरोबर रेल्वे इंजिनांकडे मोर्चा वळवला. दुसरे यंत्र धुराकडे पाहतच नाही. ते हवेतूनच वायू धरते. २०२२च्या जुलैत ‘जूल’ या संशोधनपत्रिकेत सीओटूरेल कंपनीचे लोक आणि टोरांटो, शेफील्ड वगैरे विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून ही कल्पना मांडली. गाडी ब्रेक लावते तेव्हा जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते ती विजेच्या रूपात साठवायची, तिच्यावर खास डब्यातले शोषक चालवायचे, मिळालेला वायू द्रव करून त्याच डब्यातल्या टाकीत ठेवायचा आणि क्रू बदलताना किंवा इंधन भरताना टाकी रिकामी करायची. एका सरासरी मालगाडीमागे वर्षाला ६,००० टनांपर्यंत वायू हवेतून काढता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. भारतात असे यंत्र लावलेली गाडी नियमित धावत नाही. पण कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२२मध्ये जी दोन राष्ट्रीय केंद्रे उभी केली, त्यांतले एक मुंबईच्या आयआयटीत आहे आणि दुसरे बंगळुरूच्या जक्कूरमधल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. नीती आयोगाचा कार्बन पकडण्याच्या धोरणावरचा अहवालही त्याच वर्षीचा. म्हणजे विज्ञान दारात उभे आहे. नियमांचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

आधी प्रमाण बघू, कारण नियमांचा सगळा खेळ प्रमाणाचा आहे. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळणाऱ्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून जाळलेल्या तेलापेक्षा निघालेल्या वायूचे वजन तिपटीहून जास्त भरते. कृष्णराजपुरमच्या शेडमधून वर्षानुवर्षे निघत आलेल्या डब्ल्यूडीजी-४ जातीच्या मालगाडी इंजिनाची तेलाची टाकी सुमारे ६,००० लिटरची. ती पूर्ण जळली तर १६ टन वायू. यंत्राने त्यातला निम्मा जरी धरला तरी ८ टन. उणे २० अंशांच्या आसपास आणि सुमारे २० बार दाबाखाली द्रव कार्बन डायऑक्साइडची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणजे ८ टनांना जवळजवळ ८,००० लिटरची टाकी लागते. आपल्याकडे दाबाखालच्या वायूच्या भांड्यांची विभागणी १,००० लिटरला होते: त्याखाली सिलिंडर, त्याला २०१६चे गॅस सिलिंडर नियम, त्यावर दाबपात्र, त्याला त्याच वर्षीचे स्थिर आणि चल दाबपात्रांचे नियम. दोन्हींचा अंमल नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, करते आणि दोन्हींचा उगम १८८४च्या स्फोटके अधिनियमात आहे. आग विझवायला वापरतात तो वायू स्फोटकांच्या कायद्याखाली का, असे नवख्याला वाटते. पण कायदा तिथे ज्वाळेकडे पाहत नाही, दाबाकडे पाहतो. निम्मा वायू धरणाऱ्या यंत्राला १,००० लिटरची रेघ ओलांडायला साधारण ७५० लिटर डिझेल पुरते. घाटात चढणारी जड मालगाडी एवढे तेल एकाच फेरीत सहज जाळू शकते.

मग या टाकीला दाबपात्रांचे नियम आपोआप लागू झाले असे समजायचे का? इथून गुंता सुरू होतो. त्या नियमांतली दाबपात्राची व्याख्या साठवणुकीसाठी आणि वाहतुकीसाठी असलेल्या भांड्याची आहे. प्रक्रिया-संयंत्राचा भाग असलेली भांडी तिच्यातून वगळलेली आहेत. यंत्र बनवणारा म्हणेल, आमची टाकी शोषक, कॉम्प्रेसर आणि शीतयंत्र यांना जोडलेली आहे, ती प्रक्रियेचाच भाग. रेल्वेच्या बाजूने वाचले तर १९८९च्या रेल्वे अधिनियमाचे कलम ६७ येते. धोकादायक माल कोणी सोबत नेऊ नये किंवा रेल्वेकडे सोपवू नये. सोपवायचा तर लेखी सूचना द्यावी आणि बाहेरून स्पष्ट खूण करावी, असे ते सांगते. रेड टॅरिफ या नावाने ओळखले जाणारे दरपत्रक याच पायावर उभे आहे आणि दाबाखालच्या, द्रवरूप वायूंना त्यात स्वतंत्र वर्ग आहे. पण कलमातली क्रियापदे बघा: नेणे, सोपवणे. वाटेत तयार झालेला वायू कोणी सोबत घेतलेला नाही आणि कोणी सोपवलेलाही नाही. सूचना देणारा माणूस नाही, सूचना घेणारा बाबू नाही. इंजिन रेल्वेचे, तेल रेल्वेचे, यंत्र कदाचित भाड्याने घेतलेले, आणि वायू कोणाचा ते करारात कुठेतरी लिहिलेले असेल.

हाच वायू शेडच्या फाटकाबाहेर गेला की चित्र पालटते. टाकीतून रस्त्यावरच्या टँकरमध्ये ओतला, की केंद्रीय मोटार वाहन नियमांतले १२९ ते १३७ लागू: गाडीवर आपत्कालीन माहितीचा फलक, चालकाला खास प्रशिक्षण, सोबत ट्रेम कार्ड. फाटकाच्या आत तोच द्रव, त्याच दाबाचा, कदाचित जास्त वजनाचा, निनावी असतो. फाटकाच्या आतली दुसरी गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते. कामाच्या जागेवरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सरासरी ५,००० पीपीएमपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने घालून दिली होती. पण त्याच अधिनियमाच्या कारखान्याच्या व्याख्येतून रेल्वेची रनिंग शेड वगळलेली होती, आणि २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ती वगळणूक कायम ठेवली. जिथे ही टाकी रोज रिकामी होईल, जिथे तिचे झडप-पाइप उघडले जातील, नेमक्या त्या जागेला त्या मर्यादेचे संरक्षण आपोआप मिळत नाही. ही वगळणूक केली तेव्हा शेडमध्ये कोळसा, पाणी, तेल आणि वंगण होते. द्रवरूप वायूच्या टाक्या तिथे येतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे तेव्हाच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज ती फट दिसत असताना तशीच ठेवणे मला पटत नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा सुटेल, याचा अंदाज त्यांच्या नियमांच्या रचनेवरून येतो. युरोपात रेल्वेने जाणाऱ्या धोकादायक मालासाठी आरआयडी नावाचे नियम आहेत. बर्नमधली ओटीआयएफ ही आंतरसरकारी संस्था ते सांभाळते. त्यांत गाडी चालवण्यासाठी टाकीत असलेल्या इंधन-वायूला सूट आहे. डब्यावरच्या खास उपकरणात असलेल्या आणि प्रवासात ते उपकरण चालायला आवश्यक असलेल्या वायूलाही सूट आहे: शीतयंत्रातला वायू वगैरे. या सवलतीतला ‘आवश्यक’ हा शब्द कळीचा आहे. एसी डब्याच्या शीतयंत्रातला वायू काढून घेतला तर शीतयंत्र बंद पडते. कार्बन पकडणाऱ्या यंत्राच्या टाकीतला वायू काढून घेतला तर यंत्र बंद पडत नाही, उलट त्याला आणखी जागा मिळते. म्हणजे तो वायू यंत्राचे साधन नव्हे, यंत्राचे उत्पादन आहे, आणि उत्पादन एका जागेहून दुसरीकडे नेले जात असेल तर ती वाहतूकच. अमेरिकेतल्या धोकादायक मालाच्या नियमांत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड ज्वलनशील नसलेल्या वायूंच्या वर्गात येतो. दाबाखालच्या, साध्या तापमानाच्या वायूचा क्रमांक १०१३, अतिशीत द्रवाचा २१८७ आणि कोरड्या बर्फाचा १८४५. नियमांत न बसणाऱ्या नव्या वस्तूसाठी तिथे विशेष परवान्याची सोय आहे. अर्जदाराने नेहमीच्या नियमांइतकीच सुरक्षितता आपण दुसऱ्या मार्गाने देतो हे दाखवून द्यायचे असते. ही पद्धत मला योग्य वाटते. तिच्यात नव्या यंत्राला दार बंद होत नाही आणि सुरक्षितता सिद्ध करण्याचे ओझे यंत्र आणणाऱ्याच्या खांद्यावर राहते.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात पहिला आक्षेप आलाच असेल: कार्बन डायऑक्साइड म्हणजे सोड्यातला वायू, आपण रोज श्वासातून तो सोडतो, त्याला पेट्रोल-क्लोरीनच्या पंगतीला कशाला बसवायचे? उत्तर त्या टाकीच्या झडपेपाशी उभे राहून द्यायला हवे. उणे २० अंशांवर ठेवलेला द्रव कधीच पूर्ण स्वस्थ नसतो. भिंतीतून थोडी थोडी उष्णता आत झिरपत राहते, दाब वाढत जातो. शीतयंत्र चालू असेल तोवर ठीक. पण गाडी लूप लाइनला अडकली आणि इंजिन बंद झाले, तर बऱ्याच तासांनी सुरक्षा झडप उघडते आणि वायू बाहेर सोडते. ती उघडणे हा दोष नव्हे, तिचे कामच ते. बाहेर पडताना दाब ५.२ बारच्या खाली उतरला की या पदार्थाला द्रव राहता येत नाही. त्याचा काही भाग वायू होतो, काही भाग उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ. हा बर्फ पाइपाच्या तोंडात साचून ते बुजवू शकतो, म्हणजे ज्या वाटेने दाब उतरायचा तीच वाट बंद. भोवती पांढरे धुके दिसते, ते हवेतल्या बाष्पाचे. कार्बन डायऑक्साइडला स्वतःला रंग नाही, आणि धुके जिथे संपते तिथे वायू संपत नाही. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून उतार आणि खड्डा शोधतो. शेडमध्ये तो खड्डा म्हणजे इंजिनाखालची पिट. तिथे फिटर ट्रॅक्शन मोटर तपासायला उतरतो. डोके रुळांच्या पातळीला, वर इंजिनाचे छत, वाऱ्याला वाट नाही. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की ती पातळी जिवाला तत्काळ धोका असलेली धरतात. त्याहून बरीच वर गेली तर शुद्ध हरपायला मिनिटेही लागत नाहीत. वास येत नाही. गळा किंवा डोळे चुरचुरून इशारा मिळेल याचा भरवसा धरता येत नाही.

बोगद्याचा हिशेब त्याहून कठोर आहे. ८ टन द्रव पूर्ण वायू झाला तर साधारण ४,४०० घनमीटर भरतो. एकेरी मार्गाच्या बोगद्याचा छेद ४० चौरस मीटर धरला आणि वायू हवेत सारखा मिसळला असे मानले, तर पावणेतीन किलोमीटर बोगदा ४ टक्क्यांच्या पातळीला येतो. प्रत्यक्षात तो सारखा मिसळणार नाही, तळाशी अधिक साचेल, आणि टाकी एका क्षणात पूर्ण रिकामी होण्याचा प्रसंग विरळाच. पण बंगळुरूहून मंगळुरूकडे जाताना सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा ५५ किलोमीटरचा घाट ५७ बोगद्यांतून उतरतो. पश्चिमेला कॅसल रॉकहून कुळेकडे उतरणाऱ्या घाटाची चढण १:३७ आहे. कोकण रेल्वेवर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. या मार्गांवर गाडी बोगद्यात थांबणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. पावसाळ्यात दरड आली, चढावर चाके घसरली, सिग्नल मिळाला नाही, अशी कितीतरी कारणे. २०२० साली २२ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सॅटार्शिया या गावाजवळ कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली, तेव्हा सुमारे २०० माणसांना घरे सोडावी लागली, ४५ जणांनी रुग्णालय गाठले, आणि रस्त्यावरच्या मोटारी ऑक्सिजनअभावी जागीच बंद पडल्या. ती पाइपलाइन होती, गाडीवरची टाकी तिच्यापुढे फारच लहान, हे खरे. पण डिझेल इंजिनालाही ऑक्सिजन लागतो. बोगद्यात गळती झाली तर लोको पायलटने गाडी पुढे काढून सुटका करून घ्यावी, हा सगळ्यांत सोपा उपाय नेमका त्या वेळी हाती राहील असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा आक्षेप रेल्वेतले जाणते लोक घेतात आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. इंजिनावर ६,००० लिटर डिझेल असतेच, ब्रेकसाठी दाबाखालच्या हवेच्या टाक्या असतात, त्यांना कोणी धोकादायक माल म्हणत नाही. इंजिनाच्या रचनेचे नियम त्यांना पुरतात, तेच या टाकीलाही पुरावेत. शिवाय रेवाडी-रोहतक मार्गावर २०१५च्या जानेवारीत डिझेल आणि सीएनजी दोन्ही जाळणारी गाडी सुरू झालीच की. तिच्यावरचे सीएनजीचे सिलिंडर प्रवासी गाडीसोबतच धावत होते. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत जिंद-सोनीपत मार्गासाठी बांधलेल्या हायड्रोजनच्या गाडीचेही तसेच. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. टाकी इंजिनावर कशी बसवायची, धडक बसली तर ती कशी टिकेल, कंपनांनी सांधे सैल होऊ नयेत, हे सगळे रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था असलेल्या लखनौच्या आरडीएसओने इंजिनाच्या रचनेचा भाग म्हणूनच ठरवावे. पण इंधन आणि पकडलेला वायू यांत दोन फरक आहेत. इंधन प्रवासात कमी होत जाते, हा वायू वाढत जातो. इंधनाच्या बाबतीत सुरुवातीचा आकडा म्हणजे कमालीचा आकडा, इथे कमाल शेवटी येते, आणि अपघात कुठे झाला त्यावर टाकीत किती होते हे ठरते. दुसरे म्हणजे इंधन इंजिनातच संपते, हा वायू उतरवावा लागतो. प्रत्येक उतरवणीत होजपाइप जोडणे आले, सोडणे आले, आणि द्रवरूप वायू हाताळताना जोडणी-सोडणीचा क्षण सगळ्यांत नाजूक असतो. हवेच्या टाकीची तुलना तर टिकतच नाही: ती फुटली तर स्फोटाची इजा होईल, पण बाहेर पडेल ती हवाच.

तिसरा आक्षेप काळाचा: देशातल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण २०२२च्या २० जूनला बंगळुरूतल्याच कार्यक्रमात झाले. डिझेलच उरणार नसेल तर धूर पकडायचा कशाला? धुराच्या यंत्रापुरते हे बरोबर आहे, आणि मी स्वतः विजेच्या गाडीलाच पसंती देईन. जळलेल्या तेलाचा वायू वाहून नेण्यापेक्षा तेल न जाळणे केव्हाही चांगले. पण हवेतून वायू धरणारा डबा ब्रेकच्या ऊर्जेवर चालतो आणि विजेच्या इंजिनामागेही तो लावता येतो. घाट उतरणारी जड खनिजाची गाडी ही त्याच्यासाठी आदर्श जागा, म्हणजे बोगदे जिथे जास्त, तिथेच हा डबा जास्त फायद्याचा. शिवाय जून २०२३मध्ये केंद्राने कार्बन श्रेयांच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. पकडलेल्या टनाला पैसे मिळू लागले की यंत्रे अपेक्षेपेक्षा लवकर येतात.

आणि ‘नियम आणले की नवे तंत्र मरते’ या म्हणण्याला २०२१चा एप्रिल-मे हे उत्तर आहे. द्रव ऑक्सिजन हा अतिशीत, जळण भडकवणारा पदार्थ. कोविडच्या लाटेत त्याचे रस्त्यावरचे टँकर रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवून नेण्याची वेळ आली. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर विशाखापट्टणमला निघाले, भरून नागपूर-नाशिकला आले. ११ मे रोजी टाटानगरहून १२० टन ऑक्सिजन घेऊन पहिली गाडी बंगळुरूच्या व्हाइटफील्डला पोहोचली. त्या धावपळीतही नियम बाजूला सारले गेले नाहीत. वरच्या विजेच्या तारा आणि पूल लक्षात घेऊन टँकरांची उंची मोजली गेली आणि ३,३२० मिलिमीटर उंचीची टी-१६१८ ही जात डीबीकेएम वॅगनवर बसते असे ठरले. माल अतिशीत असल्यामुळे गाडीचा वेग अचानक वाढवायचा किंवा घटवायचा नाही, मधूनमधून दाब तपासायचा, हेही पाळले गेले. हे सारे काही दिवसांत होऊ शकले, कारण तो पदार्थ काय आहे, त्याचा वर्ग कोणता, टाकी कोणत्या नियमाने बांधलेली, याबद्दल कोणाला संशय नव्हता. नियम आधीपासून स्पष्ट होते म्हणून वेग आला. पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडची आज तशी ओळख नाही; तो मालही नाही आणि इंधनही नाही, अशा अधांतरी अवस्थेत पहिली चाचणी-गाडी अडकली, तर उशीर नियमांमुळे नव्हे, नियम नसल्यामुळे होईल.

म्हणून व्याख्येचा आधार हेतूऐवजी अवस्था असावा. टाकीत दाबाखालचा वायू आहे का, किती, किती थंड, एवढेच पाहावे. तो भरला की तयार झाला, विकायचा की जमिनीत पुरायचा, हे पाहू नये. पाठवणारा नसेल तर यंत्राचा मालक पाठवणारा मानावा, म्हणजे सही कोणाची हा प्रश्न मिटतो. निघतानाच्या एका घोषणेऐवजी टाकीवरच्या मापकाचा आकडा सतत लोको पायलटसमोर आणि विभागाच्या नियंत्रण कक्षात दिसावा. कार्बन श्रेयासाठी हा वायू किलोकिलोने मोजला जाणारच आहे. तेच माप आपत्तीच्या वेळी अग्निशमन दलाला मिळावे, यात कोणाला जास्तीचा खर्च नाही. टाकी रिकामी केल्यावरही तिच्यात दाब उरतो, म्हणून ती धुऊन मोकळी करेपर्यंत भरलेलीच धरावी. टँकरांच्या बाबतीत ही शिस्त जुनीच आहे. शोषक अमाइनचा असेल तर तो स्वतः क्षारक रसायन आहे, त्याचा क्रमांक आणि वर्ग वेगळा लिहावा लागेल. आणि सुरक्षा झडपेचे तोंड कुठे वळवायचे, बोगद्यांच्या मार्गावर टाकी किती भरू द्यायची, छपराच्या स्टेशनात अशी गाडी किती वेळ उभी करायची, हे प्रत्येक मार्गाला स्वतंत्र ठरवावे.

हे ठरवणार कोण? पेसो नागपूरला, आरडीएसओ लखनौला, आणि दक्षिण परिमंडळाच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे कार्यालय बंगळुरूत. आयुक्तालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. रेल्वेने आपलीच तपासणी आपण करू नये या विचाराने १९४१मध्ये ते रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले गेले. २०२३च्या २६ ऑगस्टला मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ प्रवासी गेले, तेव्हा चौकशी याच कार्यालयाकडे आली. त्या डब्यात सिलिंडर आहे हे बाहेर कोणालाच सांगितलेले नव्हते. नव्या जातीच्या गाडीला रुळांवर यायला आयुक्तांची मंजुरी लागतेच. कार्बन पकडणाऱ्या डब्याच्या पहिल्या मंजुरीतच टाकीचा पेसोकडचा दाखला, इंजिनावर आणि डब्यावर वायूच्या क्रमांकाची पाटी, लोको पायलट व सहायक लोको पायलट यांच्यासाठी श्वसनयंत्र आणि ज्या शेडमध्ये टाकी रिकामी होणार तिच्या पिटमध्ये तळाशी बसवलेले वायुमापक, एवढ्या अटी घालता येतील. रनिंग शेड कायद्याने कारखाना नसली तरी ५,००० पीपीएमची मर्यादा मंजुरीची अट म्हणून तिथे लागू करायला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी आयुक्तांचे एक पत्र पुरते, आणि ते पहिली टाकी भरण्याआधी निघायला हवे.